येळवस: सगळं घर दिवसभर रानात कसं न्यायचं

थंडीच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन बाहेर काय करता येईल असं कोणी विचारलं की लोक महाबळेश्वर, माथेरान, नाहीतर कुठलं तरी रिसॉर्ट सांगतात, पण आमच्या लातूर-धाराशिवकडच्या माणसाला विचाराल तर तो एकच सांगणार, येळवसला या. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली अमावस्या, आणि त्या दिवशी आमच्याकडं गावंच्या गावं रिकामी होतात, लातूरसारख्या शहरात दुकानं बंद, रस्ते मोकळे आणि सगळी माणसं रानात. आजी, काका-काकू, आत्या, माहेरी आलेल्या लेकी, जावई, लेकरं, शेजारीपाजारी सगळे. नांदेड, बीड, सोलापूरच्या काही भागात आणि पलीकडं कर्नाटकातल्या बिदर-कलबुर्गीकडं पण हा सण आहे.

आता आमच्यातले निम्मे लोक पुण्या-मुंबईत, मग होतं काय की सण राहतो पण दिवस राहत नाही. दुपारी एकला गाडी बांधावर येते, पूजा उरकलेली असते, सगळे जेवतात, फोटो काढतात आणि तीनला परत. माझं म्हणणं एवढंच आहे की येळवस हे जेवणाचं निमंत्रण नाहीये, तो सकाळपासून अंधार पडेपर्यंत उघड्यावर काढायचा एक आख्खा दिवस आहे, आणि तो तसाच काढला तर लेकरं पुढच्या वर्षी स्वतःहून विचारतात, कधी जायचं. तर तो कसा जमवायचा ते सविस्तर सांगते. ज्यांना शेत नाही त्यांच्यासाठी पण आहे, शेवटपर्यंत वाचा.

तारीख आणि प्रवास

तारीख दरवर्षी बदलते आणि बरीच बदलते. २०२४ मध्ये येळवस ११ जानेवारीला पण आली होती आणि ३० डिसेंबरला पण, कारण २०२३ ला अधिक श्रावण होता त्यामुळं त्या सालची पुढं सरकली. २०२५ ला ती १९ डिसेंबरला आली. म्हणजे नाताळच्या सुट्टीत येईलच असं धरून चालू नका, नवीन कॅलेंडर हातात आलं की पहिल्यांदा मार्गशीर्ष अमावस्येवर गोल करा आणि फॅमिली ग्रुपवर टाका. लातूर, धाराशिवला बहुतेक वर्षी कलेक्टर स्थानिक सुट्टी देतात पण ती पुण्यातल्या शाळेला आणि ऑफिसला लागू नाही ना, तिथं रजा आधीच टाकावी लागते. एका दिवसासाठी लेकरांची शाळा बुडवायची का हा प्रश्न दरवर्षी निघतो, माझ्या मते बिनधास्त बुडवा, हरभऱ्याचा घाटा आणि तुरीची शेंग पुस्तकात बघून काय कळणार आहे.

रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी सुरू होतं, मुंबई-पुण्याहून लातूरला रात्रीची गाडी आहे पण येळवसच्या आदल्या दिवसाची लगेच भरते, म्हणून ६० वा दिवस मोजून अलार्म लावा. स्वतःच्या गाडीनं येणार असाल तर पुण्याहून टेंभुर्णी-बार्शी मार्गे साधारण सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर आहे आणि माझा आग्रह आहे की हे अंतर दिवसाउजेडी पार करा, कारण हे दिवस ऊसतोडीचे असतात, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, पुष्कळ ट्रॉल्यांना मागं लाईट नाही की रिफ्लेक्टर नाही, अंधारात एकदम समोर येतात. सकाळी लवकर निघा, दुपारी चहाला घरी पोचा. तसंही आदली संध्याकाळ घरी मिळायलाच हवी, का ते पुढं कळेल.

आदली रात्र

खरी येळवस आदल्या रात्री स्वयंपाकघरात सुरू होते. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, ज्वारीची नाहीतर तीळ लावलेली बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर, एवढं सगळं पहाटेपर्यंत तयार करायचं असतं, आणि वर्षानुवर्षं हे घरातल्या बायकांनी रात्रभर जागून केलंय आणि सकाळी त्याच बायका रानात अर्धवट झोपेत बसलेल्या असतात. ही गोष्ट बदला. परंपरा पुढं न्यायची तर कामं वाटून घ्या, शेंगा सोलायला आणि पालेभाज्या निवडायला पुरुष आणि पोरं बसवा, टीव्हीसमोर बसवा हवं तर, पण बसवा. दहा-बारा माणसं असतील तर तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे, पावट्याचे ओले दाणे आणि भिजवलेले शेंगदाणे असं सगळं मिळून दीड-दोन किलो लागतं, ते एकट्या माणसाला सोलायचं म्हणजे शिक्षा आहे आणि आठ हातांना तासाभराचं काम, शिवाय गप्पा होतात त्या वेगळ्या.

भज्जी म्हणजे पुण्याकडची भजी नव्हे. ही दाण्यांची आणि पालेभाज्यांची एकत्र दाटसर आंबट भाजी. मेथी, पालक, चुका, शेपू, कांद्याची पात, हरभऱ्याचा पाला असं त्या हंगामात रानात जे असेल ते, सोबत वांगं, गाजर, चार बोरं. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाव किलोच्या आसपास घेऊन संध्याकाळीच आंबट ताकात कालवून ठेवायचं, दाणे आधी शिजवून घ्यायचे, मग चिरलेल्या भाज्या, चिंचेचा कोळ, हिरवी मिरची-लसूण-जिऱ्याचं वाटण, आणि शेवटी ते कालवलेलं पीठ हळूहळू सोडत ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. वरून लसणाची फोडणी चांगली सढळ. घराघरात प्रमाण वेगळं असतं, तुमच्या आजीचं असेल ते खरं माना आणि ती सांगत असताना कोणीतरी लिहून घ्या किंवा रेकॉर्ड करा, कारण आजी लोक वाटीत सांगत नाहीत, अंदाजानं घालतात.

आंबील त्यामानानं सोपी. ज्वारीचं पीठ एक वाटी, आंबट ताक तीन-चार वाट्या, रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी पाणी उकळून त्यात ते मिश्रण ओतून शिजवायचं, गार झालं की वरून ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं, कोथिंबीर. मातीच्या नव्या मडक्यात, आमच्याकडं बिंदगं म्हणतात त्यात भरली की चव वेगळीच लागते आणि दुपारपर्यंत गार राहते. मडकं आठवडाभर आधी आणून पाण्यात भिजवून ठेवा म्हणजे झिरपत नाही. मडकं नसेल तर स्टील चालेल, पण तांब्या-पितळेच्या आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबील अजिबात ठेवू नका, आंबट आहे ती, भांडं खाते.

सोबत काय न्यायचं

थंडीचं आमच्याकडं असं असतं की पहाटे तापमान दहा-बारा डिग्री आणि दुपारी अठ्ठावीस-तीस, म्हणून जाडजूड एक जॅकेट घालण्यापेक्षा कपड्यांचे दोन-तीन थर घाला, सकाळी टोपरं-स्वेटर, अकरानंतर एकेक उतरवायचं. लेकरांना फुल पँट आणि बंद बूट, सँडल नको, कारण करडईचे काटे असतात, धसकटं असतात, गवतात काय असेल ते दिसत नाही. सकाळी दव इतकं असतं की बांधावरून चाललं तरी पाय ओले होतात, म्हणून मोज्यांचा एक जादा जोड ठेवा. सतरंज्या, घोंगडी, म्हाताऱ्या माणसांसाठी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पिण्याचं पाणी भरपूर, स्टीलचे ग्लास, पळसाच्या पत्रावळी मिळाल्या तर उत्तम. थर्माकोलच्या प्लेटा नकोत, त्या वर्षभर बांधावर उडत राहतात आणि शेवटी शेतकऱ्यालाच वेचाव्या लागतात.

एक गोष्ट कोणी मोकळेपणानं बोलत नाही म्हणून मीच बोलते, बायकांच्या आणि मुलींच्या बाथरूमची सोय. दिवसभर थांबायचं तर ही सोय आधी बघा. आखाड्यावर, म्हणजे रानातल्या घराकडं, संडास असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर चार बांबू आणि जुन्या साड्या घेऊन आडोसा करा, पाण्याची बादली ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे. ही सोय नसते म्हणूनच कित्येक घरच्या बायका दुपारी तीनला "चला आता" म्हणतात आणि बाकीच्यांना वाटतं त्यांना कंटाळा आला.

गाडी कुठं लावायची तेही आधी विचारा. काळी माती आहे, शेजारच्या रानात पाणी दिलेलं असेल तर चाक रुतलं म्हणून समजा. पक्क्या रस्त्यावर लावा आणि तिथून चालत या, जमलं तर बैलगाडी सांगून ठेवा, आता बैल फार कमी राहिलेत पण एखाद्या घरी असतातच आणि लेकरांना त्या अर्ध्या किलोमीटरचं जे अप्रूप असतं ते विचारू नका.

सकाळ: कोप आणि पूजा

नऊपर्यंत रानात पोचा. पहिलं काम कोप उभी करायची. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या वरती एकत्र टेकवून खोपीसारखं करतात, तोंड बहुतेक पूर्वेला, वरून शाल किंवा नवं कापड घालतात, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतात, चुना आणि कावेनं रंगवलेले, आणि लक्ष्मीची पूजा असते. सगळीकडं सोयाबीन झाल्यापासून ज्वारी कमी झालीय त्यामुळं कडबा आयत्या वेळी मिळत नाही, आठ दिवस आधी सांगून ठेवा.

दगड शोधणं, धुणं आणि रंगवणं हे काम लहान लेकरांकडं द्या, पूर्ण द्या. मोठ्यांनी मधे पडू नका, वाकडे रंगले तरी चालतात. कोप बांधणं कॉलेजातल्या पोरांकडं, आजोबांनी खुर्चीत बसून नुसतं सांगायचं. हे मी मुद्दाम सांगतेय कारण ज्या लेकराच्या हाताला काम असतं ते मोबाईल मागत नाही, आणि ज्याला नुसतं "तिकडं खेळ" म्हणून सांगितलं ते अर्ध्या तासात मागतं. पूजा झाली की आंबील आणि नैवेद्य शिंपडत पिकाभोवती फेरी मारतात, त्याला चर शिंपणं म्हणतात, पुढचा आरोळी देतो आणि मागचे ओरडून साथ देतात. आरोळीचे शब्द गावागणिक वेगळे, तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाकडून शिकून घ्या आणि पोरांना मोठ्यानं ओरडू द्या, फ्लॅटमध्ये कुठं मिळतं असं ओरडायला.

जेवण आणि दुपार

जेवण बारा-एकच्या सुमारास झाडाखाली पंगत मांडून. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून बसवायचं, ही आमच्याकडची पद्धत आहे, येळवसला रानातनं कोणी उपाशी जात नाही, म्हणून दहा माणसं असतील तर पंधराचं करा. आणि शेतावर वर्षभर राबणाऱ्या माणसांचं कुटुंब पहिल्या पंगतीला, तुमच्याबरोबर, नंतर नाही.

खरी परीक्षा जेवणानंतर असते, कारण इथंच लोक उठून घरी जातात. मोठ्यांना अर्धा तास आडवं होऊ द्या, तोवर झोका. झोका आदल्या दिवशी किंवा सकाळीच बांधून ठेवा, चिंचेची किंवा कडुलिंबाची जाड जिवंत फांदी बघून, शेवग्याला चुकूनही नको, ते लाकूड ठिसूळ असतं, कडकन मोडतं. जाड सोल, म्हणजे दोर, वापरा आणि आधी दोन मोठ्या माणसांनी लोंबकळून बघा. झोका बांधताना आणि नंतर हुरड्याची आगटी पेटवताना त्याच झाडावर वर मान करून आग्या मोहोळ नाही ना ते बघायलाच हवं. खालून धूर गेला आणि मोहोळ उठलं तर सण तिथंच संपतो आणि दवाखाना गाठावा लागतो. विहिरीला कठडा नसेल तर त्या बाजूला एक मोठं माणूस बसवून ठेवा, पाळीपाळीनं.

मग शिवारफेरी. सगळ्यांनी, आजीला जमेल तेवढं, बांधाबांधानं फिरायचं. करडई, गहू, जवस, तूर, हरभरा ओळखायला लावा. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंब, म्हणजे आंबट दव, बोटानं चाटून बघायची, पण उघड्या पोटऱ्यांनी हरभऱ्यात शिरलं की खाज सुटते ते पण त्या आंबेनंच. ढाळे, म्हणजे घाट्यांसकट हरभऱ्याची झाडं, उपटून खायच्या आधी शेतमालकाला एकदा विचारा की फवारणी कधी केली, घाटेअळीसाठी हरभऱ्यावर औषध मारतात, ताजी फवारणी असेल तर त्या रानातलं काही तोंडात घालायचं नाही, दुसऱ्या रानातलं आणायचं. ज्वारीवर भोरड्यांचे थवेच्या थवे येतात या दिवसांत, गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, त्या लांबून थंडीसाठी आपल्याकडं आलेल्या पाहुण्या आहेत, पण दाणे फस्त करतात म्हणून त्यांना हाकलायला गोफण. गोफण शिकवायची असेल तर मातीचं ढेकूळ घालून, दगड नको, आणि मागं-पुढं कोणी उभं नसताना. तारेवर नीलकंठ बसलेला दिसतो, माळाच्या कडेला जमिनीलगत तरंगत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षी दिसतो. दुर्बीण असेल तर आणा, नसेल तर डोळे पुरतात.

खेळ म्हणाल तर विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या, आणि सपाट मोकळं रान असेल तर आट्यापाट्या, ज्यात काका मंडळी उतरली की सगळ्यात जास्त मजा येते. पतंग उडवायला वारा आणि जागा भरपूर असते, फक्त साधा दोरा वापरा, नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्येच बंदी घातलीय आणि तो पक्ष्यांचे पंख कापतो, माणसांचे गळे पण.

चारच्या सुमाराला हुरडा, जर ज्वारी त्या अवस्थेत आली असेल तर. तारीख लवकर आलेली असली की दाणा अजून दुधात नसतो, तेव्हा हट्ट करू नका, हरभऱ्याचा हुळा भाजा, तोही तितकाच गोड लागतो. आगटीसाठी लहानसा खड्डा, गोवऱ्या, निखारे झाले की त्यात कणसं, आणि गरम गरम असतानाच तळव्यावर चोळायची. सोबत लसणाची चटणी, कारळाची चटणी, गूळ, दही. आगटी कडब्याच्या गंजीपासून आणि पिकापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून, आणि शेजारी पाण्याची बादली, हे सगळं दरवर्षी पुन्हा सांगावं लागतं कारण दरवर्षी कोणीतरी नवीन असतं.

अंधार पडल्यावर

सूर्य मावळायला लागला की थंडी एकदम येते, स्वेटर परत चढवा. काही घरी गाईचं दूध मडक्यात उतू घालवतात आणि कोणत्या बाजूला उतू गेलं त्यावरून पुढच्या हंगामाचा अंदाज बांधतात. मग हेंडगा, कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती फेरी. हे काम जाणत्या माणसाचंच, सुती कपडे घालून, लेकरांनी मागं अंतर ठेवून चालायचं, आणि फेरी संपल्यावर पेंढी पाण्यात विझवून, ठिणगी राहिली नाही हे बघूनच पुढं.

आणि मग लगेच निघू नका, अजून तासभर थांबा. अमावस्या आहे, चंद्र नाही, गावापासून लांब आहात, शहरातल्या लेकरानं असं आभाळ बघितलेलंच नसतं. सतरंजीवर आडवे व्हा, मोबाईलच्या स्क्रीन बंद करा, डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात. डोक्याच्या पूर्वेकडं कृत्तिकांचा तो लहानसा पुंजका, त्याखाली तांबूस रोहिणी, त्याच्या खाली क्षितिजावरून वर येणारं मृग, मधले तीन तारे सरळ रेषेत, आणि अजून थोडं थांबलात तर व्याध, सगळ्यात तेजस्वी. आमच्या घरात ही वेळ गोष्टींची असते, पूर्वी रानात राखणीला कोण झोपायचं, दुष्काळात काय खाल्लं, कोणाचं लग्न कसं ठरलं. म्हाताऱ्यांना दिवसाउजेडी विचारलं तर "काय सांगू" म्हणतात, अंधारात आपोआप बोलतात.

शेत नसेल तर

शेत विकलेलं असेल, किंवा नव्हतंच, तरी थांबू नका. लातूर-धाराशिवकडं कोणी मित्र असेल तर सरळ फोन करा आणि येळवसला येऊ का विचारा, नाही म्हणणारा माणूस सापडणं अवघड आहे. जाताना रिकाम्या हातानं नको, काहीतरी शिजवून न्या आणि कामाला हात लावा. पुण्या-मुंबईतच राहावं लागलं तर जवळच्या रविवारी भज्जी-भाकरीचे डबे घेऊन एखाद्या शेतकऱ्याच्या रानात जा, ठरवून, पैसे देऊन, किंवा नुसतं पुण्यातल्या वेताळ टेकडीवर, तळजाईवर सकाळी जाऊन बसा, तिथं आग पेटवायची नाही एवढं पाळा. तारीख मात्र दरवर्षी तीच धरा, अमावस्या नाहीतर तिच्यानंतरचा पहिला रविवार, "बघू जमेल तेव्हा" म्हटलं की दोन वर्षांत बंद पडतं.

परत जाताना

कोप तशीच राहू द्या, कचरा मात्र सगळा पिशवीत भरून गावात न्या. त्या रात्री पुण्याला निघायची घाई करू नका, दिवसभर उन्हात आणि रात्री थंडीत राहिलेला ड्रायव्हर पेंगतो आणि उसाच्या ट्रॉल्या रात्री जास्त असतात, मुक्काम करून सकाळी निघा. उरलेली भज्जी डब्यात भरून घ्या, दुसऱ्या दिवशी मुरलेली जास्त छान लागते, सोसायटीतल्या शेजाऱ्यांना पण द्या. आंबील न्यायची असेल तर बाटली गच्च भरून घट्ट बूच लावू नका, गाडीतल्या उबेनं ती आणखी आंबते आणि बार्शीच्या आत बूच उडतं, बरणी अर्धी भरा आणि झाकण सैल ठेवा.